मोठं चित्र, छोटा खर्च

मैत्रिणींनो, घरात मोठं चित्र लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "फ्रेमला किती पडतील?" आकडा ऐकला की चित्र गुंडाळून कपाटावर जातं, ते कायमचंच. मग तो मुलीने हौसेने आणलेला जगाचा नकाशा असो, प्रदर्शनातून घेतलेलं पोस्टर असो, नाहीतर आईवडिलांचा मोठा करून घेतलेला एकुलता एक फोटो असो. आणि भिंतीवर मात्र दुकानदारांनी फुकट दिलेली चार कॅलेंडरं फडफडत असतात!

मला विचाराल तर आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर मोठ्या चित्राला काचेची फ्रेम नकोच. एक तर तिचं वजन. २३ इंच रुंद आणि ३३ इंच उंच चित्रावर ३ मिलिमीटर जाडीची काच बसवली, तर नुसती काचच पावणेचार किलोच्या आसपास भरते. एवढा भार जुन्या भिंतीच्या भुसभुशीत गिलाव्यात एका खिळ्यावर कसा राहणार? दुसरं कारण दमट हवेचं. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतीची ओल फ्रेममध्ये शिरते आणि काचेमागे कोंडते. मग बुरशीचे ठिपके येतात, कधी कागद काचेलाच चिकटतो. तो सोडवायला जावं तर रंग काचेवर राहतो आणि चित्र हातचं जातं.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी साध्या घरांतही आल्या. जुन्या घरांत अशा तसबिरी वरून पुढे झुकवून टांगलेल्या दिसतात. त्यामुळे पाठीमागे हवा खेळते. आपल्यालाही तेच साधायचं आहे, फक्त काचेशिवाय.

त्याची सोपी रीत शाळेत बघायला मिळते. वर्गातला नकाशा आठवा. वर दांडी, खाली दांडी, आणि वरच्या दांडीला दोरी. घरचं चित्रही तसंच लावायचं.

कौलं परतताना उरलेल्या रिपा घरात असतील, तर सुताराकडून त्या उभ्या चिरून, तासून घ्या. चित्राच्या रुंदीपेक्षा इंचभर लांब अशा चार पट्ट्या हव्यात. चित्राची वरची कड दोन पट्ट्यांमध्ये धरायची, खालची कड दुसऱ्या दोघींमध्ये. पट्ट्यांची टोकं सुतळीने घट्ट बांधा किंवा पितळी स्क्रू लावा. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजतो आणि त्याचा डाग कागदावर उतरतो. खालच्या पट्ट्यांच्या वजनाने चित्र ताठ राहतं. कुठेही डिंक नाही, खळ नाही. खळ लावली की कसर आणि झुरळं आलीच म्हणून समजा! चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडते आणि काढताना भिंतीचा रंग घेऊन येते.

भाड्याच्या घरात खिळा ठोकायला मालकांची मनाई असते. तिथे तुळईवरून दोरी सोडा. स्लॅबचं घर असेल तर जास्तीच्या पडद्याच्या दांडीचा उपयोग करा. चित्र भिंतीपासून दोन बोटं सुटं राहील असं बघा. समोरून ऊन येणारी भिंत मात्र टाळा, उन्हाने रंग विटतात.

मिरगाच्या आधी चित्र उतरवायचं. कापडाच्या दुकानात ताग्यातली पुठ्ठ्याची जाड नळी मागितली तर मिळते. पट्ट्या सोडवून चित्र तिच्यावर सैल गुंडाळा आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधा. प्लॅस्टिकमध्ये नको, ओल आत कोंडते. दसऱ्याला घर झाडलं की पुन्हा टांगा.

"वर्षातले चार महिने चित्र गुंडाळूनच ठेवायचं?" असं काही जणी म्हणतील. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी बघा ना. त्यांची कागदावरची चित्रं पोथीत बांधलेली असतात. कथा सांगताना एकेक चित्र पुढे धरायचं, मग पुन्हा पोथी बांधायची. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्राचा मान बारा महिने भिंतीवर राहण्यात नसतो. शिवाय दसऱ्याला दुसरं चित्र लावलं तर त्याच पट्ट्यांत घरही नवं दिसतं.

आणि हो, एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोला. भिंतीवर देव असतात, सासूसासऱ्यांचे फोटो असतात, मुलांची प्रशस्तिपत्रकं असतात. ती असावीतच. पण दिवसभर घरात वावरणाऱ्या बाईच्या आवडीचं असं त्यात किती असतं? खर्चाचं कारण पुढे करून आपण स्वतःच गप्प बसतो. आता तेही कारण राहिलं नाही. यंदा एक चित्र फक्त तुमच्या पसंतीचं लावा. ते कुठलं, हे मला जरूर कळवा.