शब्दांचीं कुळें : ‘प्रेस’

नाशकांत ‘तो प्रेसमध्यें आहे’ असें म्हटलें, कीं ऐकणाऱ्यास अधिक पुसावें लागत नाहीं. नाशिकरोडचा सरकारी छापखाना, हाच त्याचा अर्थ. पुण्यामुंबईकडे त्याच वाक्यानें एखाद्या बातमीदाराचा बोध होईल. आणि ‘सदरा प्रेस करून आण’ म्हणणाऱ्याच्या मनांत यांपैकीं कांहींच नसतें. एका शब्दाच्या ठायीं इतके अर्थ आले कोठून, याचा थोडा विचार करूं.

लॅटिन भाषेंतील ‘प्रेमेरे’ या धातूपासून निघून हा शब्द फ्रेंचांच्या मार्फत इंग्रजींत आला. मूळ अर्थ एकच : दाबणें. द्राक्षें दाबून रस काढण्याचें जें मळसूत्री यंत्र, तें ‘प्रेस’. इ. स. १४५० च्या सुमारास जर्मनींत मेंझ येथें गुटेनबर्गनें खिळ्यांवर कागद दाबण्याकरितां याच धर्तीचें यंत्र योजिलें, आणि रसाचा शब्द अक्षरांकडे आला. यंत्रावरून तें जेथें असतें तें घर, घरावरून तेथें छापिलीं जाणारीं वृत्तपत्रें, आणि पत्रांवरून पत्रकार, असा हा अर्थ लक्षणेनें वाढत गेला. द्राक्षांसाठीं प्रसिद्ध असलेल्या आमच्या जिल्ह्यांत या शब्दाचीं दोन्ही टोकें सुखानें नांदत आहेत.

येथें एक सावधगिरी हवी. इंग्लंडांत पूर्वीं खलाशांची सक्तीनें भरती करीत. तीसही ‘प्रेस’ म्हणत. परंतु त्याचें मूळ निराळें. भरतीच्या वेळीं आगाऊ दिलेल्या पैशास ‘प्रेस्ट’ म्हणत. म्हणजे आपल्याकडील उचल. पुढें सक्ती वाढली आणि दोन शब्द एकरूप झाले. केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ति लावूं नये, ती याकरितां.

संस्कृतांतील ‘पीड्’ धातूची कथा याच्याशीं विलक्षण जुळते. दोहोंमध्यें रक्ताचें नातें नाहीं; अर्थाचें आहे. पीडन म्हणजे दाबणें. म्हणून विवाहास ‘पाणिपीडन’ हेंही नांव आहे, आणि ऊंस ‘पिळणें’ हें मराठी क्रियापद त्याच धातूचें अपत्य. परंतु ‘पीडा’ही तेथूनच निघाली. इंग्रजींतही ‘प्रेस’च्याच कुळांत जुलूम या अर्थाचा ‘ऑप्रेशन’ शब्द आहे.

या भावंडांची गांठ इतिहासांत वारंवार पडली. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांनीं देशी भाषांतील पत्रांवर कायदा लादला. १९०९ सालीं नाशिकच्या बाबाराव सावरकरांस, छापून प्रसिद्ध केलेल्या कवितांबद्दल, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १९१० च्या कायद्यानें छापखान्यांकडून जामिनकीची रक्कम, म्हणजे ‘सिक्युरिटी’, मागण्याचा अधिकार सरकारास मिळाला. आणि १९२५ सालीं त्याच सरकारनें, पूर्वीं लंडनला छापलीं जाणारीं टपालाचीं तिकिटें येथेंच छापावींत म्हणून, नाशिकरोडला ‘सिक्युरिटी प्रेस’ नांवाचा छापखाना उभारला! येथें त्या शब्दाचा अर्थ मोलाचे कागद. १९२८ पासून शेजारींच नोटाही छापल्या जाऊं लागल्या.

‘मुद्रणालय’ हा आपला शब्द चांगला आहे. मुद्रा म्हणजे ठसा, आणि मुद्रा म्हणजे नाणेंही. तेव्हां नाशिकरोडच्या कारखान्यास तो दुहेरी शोभतो. परंतु त्यांत दाबाची आठवण नाहीं. वृत्तपत्रांस ‘प्रेस’ म्हणतांना वाचकांनीं ती जागी ठेवावी. दाबाशिवाय अक्षर उठत नाहीं, हें खरें. पण तो दाब कागदावर पडावा, लिहिणाऱ्यावर पडूं नये.