जुन्या नांवाचें ओझें

मनुष्यानें एकदां नांव मिळविलें म्हणजे तें नांव त्याच्या पुढें चालूं लागतें, आणि मागून तो स्वतः कोणत्या निराळ्या वाटेनें येत आहे हें पाहण्याची तसदी लोक घेत नाहींत. मुलांच्या आवडीचा एखादा शिक्षक निवृत्त झाला म्हणजे त्याच्या जागीं येणाऱ्याचें पहिलें वर्ष कसें जातें हें आम्हीं शाळेंत पुष्कळदां पाहिलें आहे. तो चांगलें शिकवितो कीं वाईट, हा प्रश्न मुलें पहिले कांहीं महिने विचारीतच नाहींत. 'आमचे आधींचे मास्तर असें करीत नसत,' एवढेंच तीं म्हणतात. नव्या सुनेच्या आमटीची परीक्षा सासूबाईंच्या आमटीवरून होते, हा अनुभव तर घरोघरचा आहे.

याच गोष्टीचें एक दूरदेशचें उदाहरण या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. तें पाश्चात्त्य 'हार्ड रॉक' संगीतांतील आहे. हें संगीत आमच्या पिढीच्या कानांस कर्कश लागतें हें खरें. परंतु घरांतील तरुण मंडळी तें आवडीनें ऐकतात, आणि आपल्या मुलानातवंडांस जें आवडतें त्याची आपणांस दादही नसावी हें वडीलधाऱ्यांस शोभत नाहीं, असें आमचें मत आहे.

निरनिराळ्या नामांकित वाद्यमेळांतील माणसें एकत्र येऊन जो नवा मेळ उभारतात त्यास तिकडे 'सुपरग्रुप' म्हणतात. अमेरिकेंतील 'ऑडिओस्लेव्ह' हा असाच मेळ होय. त्याची घडण दोन मोडलेल्या घरांतून झाली. पहिलें घर सिएटल शहरचें 'साऊंडगार्डन'. १९८४ सालीं निघालेला हा मेळ १९९७ च्या एप्रिलांत मोडला. ख्रिस कॉर्नेल हा त्याचा गायक. त्याचा आवाज मंद्रांतून तार सप्तकांत चढतांना फाटतो कीं काय असें वाटे, पण सुरावरून ढळत नसे. दुसरें घर लॉस एंजेलिसचें 'रेज अगेन्स्ट द मशीन'. नांवाचा अर्थच यंत्राविरुद्ध संताप. आणि यंत्र म्हणजे येथें माणसाला चिरडणारी सत्ता. त्यांच्या १९९२ च्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर १९६३ सालीं सायगांव येथें आत्मदहन करणाऱ्या बौद्ध भिक्षूचें छायाचित्र होतें, एवढें सांगितलें म्हणजे त्यांच्या पदांची जात ध्यानांत येईल. ती पदें रचून म्हणणारा झॅक द ला रोचा २००० च्या ऑक्टोबरांत बाहेर पडला. मागें राहिले गिटारवाला टॉम मोरेलो, बेसवाला टिम कॉमरफर्ड आणि ड्रम्स वाजविणारा ब्रॅड विल्क.

एकीकडे तीन वादक होते, त्यांस गायक नव्हता. दुसरीकडे गायक होता, त्यास मेळ नव्हता. रिक रूबिन या ध्वनिमुद्रणाच्या सूत्रधारानें त्यांची गांठ घालून दिली. २००१ सालीं तालमी सुरू झाल्या आणि १९ दिवसांत २१ गाणीं उभीं राहिलीं. पुढें २००२ च्या मार्चांत व्यवस्थापकांच्या कुरबुरींमुळें कॉर्नेल कांहीं काळ निघूनही गेला; पण परत आला. मे महिन्यांत अर्धवट अवस्थेंतील तेरा गाणीं कोणीं तरी परस्पर बाहेर फोडलीं, आणि संगणकांच्या जाळ्यावरून तीं हजारों कानांपर्यंत गेलीं. अन्न शिजण्यापूर्वींच पंगतींत त्याची चर्चा व्हावी, तशांतला हा प्रकार झाला. १९ नोव्हेंबर २००२ रोजीं चौदा गाण्यांची ती पहिली तबकडी रीतसर प्रसिद्ध झाली तेव्हां तिचे न्यायाधीश आपापले निकाल लिहून तयारच होते.

या निकालांचें आम्हांस विशेष वाटतें. पूर्वपक्ष दोन होते, आणि दोन्ही परस्परांच्या उलट. 'रेज'चे चहाते म्हणूं लागले कीं, वादक तेच, दणका तोच, पण संताप कोठें गेला? राज्यकर्त्यांस जाब विचारणारें गाणें जाऊन एका माणसाच्या मनांतील अंधार, एकटेपणा आणि देवाशीं चाललेला झगडा आला. हा आमच्या पक्षाचा त्याग आहे! 'साऊंडगार्डन'चे चहाते म्हणत कीं, आवाज आमचाच, पण त्याच्या खालचें वादन किती सरळसोट! त्या मेळाचें 'स्पूनमॅन' सात मात्रांच्या वळणानें चाले. त्याचा गिटारवादक किम थायिल (याचे आईबाप केरळांतून तिकडे गेलेले) सुरांची विलक्षण गुंतागुंत करी. त्यापुढें हें चार मात्रांचें ठोकणें त्यांस सपक वाटे. म्हणजे एका पक्षास गायक परका, दुसऱ्यास वादक परके. नव्या घरांत जें नाहीं त्याची यादी दोघांनींही केली. जें आहे त्याची मोजदाद करण्यास मात्र दोघांपैकीं फारसें कोणी बसलें नाहीं.

आतां हे आक्षेप तपासून पाहूं. त्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. तबकडी तासाहून लांब आहे. दोन-तीन गाणीं गाळलीं असतीं तर ती अधिक बांधेसूद झाली असती. कांहीं पदांत शब्द भारदस्त आणि अर्थ धूसर आहे. परंतु मुख्य आक्षेप टिकत नाहीं. पदें रचणारा आतां कॉर्नेल होता. त्यानें द ला रोचाचा संताप आपल्या तोंडीं घेतला असता तर तो उसना झाला असता, आणि हेच आक्षेपक त्यास नकलाकार म्हणते. प्रेम एक वेळ उसनें आणतां येईल, संताप येत नाहीं. शिवाय मोरेलोनें आपलीं मतें सोडलीं होतीं असेंही नव्हे. त्याच २००२ सालीं त्यानें सर्ज टँकियन या दुसऱ्या गायकाबरोबर 'ॲक्सिस ऑफ जस्टिस' नांवाची संस्था काढून लोकचळवळींचें काम आरंभिलें. त्याची निष्ठा कायम होती, फक्त ती गाण्याच्या बाहेर उभी राहून काम करीत होती.

वादनाविषयीं म्हणाल तर या तबकडीच्या वेष्टनावर स्पष्ट छापलें आहे कीं, आंतील सर्व ध्वनि गिटार, बेस, ड्रम्स आणि कंठ यांतूनच काढलेले आहेत. अशी ग्वाही देण्याचें कारण असें कीं, मोरेलोची गिटार ऐकून ती गिटार आहे हें पटत नाहीं. एका अपाची सरदाराच्या नांवावरून 'कोचीस' हें गाणें आहे. त्याच्या आरंभीं दुरून हेलिकॉप्टर येत असल्यासारखी जी घरघर ऐकूं येते ती तारांवर पेन्सिल आपटून काढलेली आहे. याउलट 'लाइक अ स्टोन' या गाण्यांत तोच वादक बहुतेक वेळ बाजूला उभा राहतो आणि गळ्याला वाट मोकळी करून देतो. जो वादक गर्जना करूं शकतो त्यानें थांबावें, हा आमच्या मतें सरळसोटपणा नव्हे, संयम आहे. साथसंगत म्हणजे काय हें ज्यांच्या घरांत गाणें आहे त्यांस निराळें सांगावयास नको.

या दोन पक्षांखेरीज तिसराही एक श्रोता होता, आणि त्याचा आवाज वादांत ऐकूं आला नाहीं तरी संख्येंत दिसला. हा श्रोता बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा. दोन्ही जुन्या घरांशीं त्याचें नातें नव्हतें. त्याच्या लेखीं ऑडिओस्लेव्ह हा केवळ एक मेळ होता. पहिल्या आठवड्यांत अमेरिकेंत सुमारें १,६२,००० प्रती खपून ही तबकडी तेथील खपाच्या यादींत सातवी आली, आणि पुढें तिला तीस लाख प्रतींचें मानपत्र मिळालें. खप म्हणजे गुण नव्हे हें आम्ही जाणतों. पण ज्यांच्या कानांवर पूर्वींचें ओझें नव्हतें त्यांस हें गाणें पुरेसें वाटलें, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें.

आपल्या शास्त्रकारांनीं हें दुखणें फार पूर्वीं ओळखलें होतें. अभिनवगुप्ताचार्यांनीं 'अभिनवभारतीं'त रसास्वादाच्या आड येणारीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं एकाचें नांव 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे श्रोता स्वतःच्याच सुखदुःखाच्या इतका अधीन झालेला असतो कीं, समोरच्या कृतीला त्याच्या चित्तांत जागाच उरत नाहीं. त्यावर आचार्यांनीं उपाय सांगितला आहे तो वाद्यांचा आणि गानाचा! गाणें ऐकतां ऐकतां मनुष्य आपलें दुःख विसरतो. पण ज्याचें सुखदुःखच जुन्या गाण्याचें आहे त्यानें काय करावें? सतराव्या वर्षीं जें गाणें ऐकून त्यानें जग जिंकल्यासारखें मानलें, तें गाणें म्हणजे त्याचें सतरावें वर्षच असतें. नव्या तबकडीकडे तो तें वर्ष परत मागतो. तें कोणताही गायक देऊं शकत नाहीं, आणि मग अपराध गायकाचा ठरतो. कालिदासासही ही अडचण चुकली नाहीं. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेंत भास, सौमिल्ल, कविपुत्र असे थोर नाटककार असतां या नव्या कवीचें नाटक कां, असा प्रश्न त्यानें रंगभूमीवरच विचारविला आहे. प्रश्न विचारणाऱ्यास नाटक अजून दिसलेलें नसतें, ही त्यांतील खरी मौज आहे.

ऑडिओस्लेव्हच्या मंडळींनीं या मागणीस जें उत्तर दिलें तें आम्हांस शहाणपणाचें वाटतें. आरंभीं त्यांनीं जुन्या दोन्ही मेळांचीं गाणीं बाजूला ठेवलीं. श्रोत्यांची इच्छा ठाऊक असूनही नव्या गाण्यांवरच उभें राहण्याचें पत्करलें. २००५ सालीं, पाय रोवल्यावर, तीं गाणीं त्यांनीं आपण होऊन घेतलीं. त्या वर्षाच्या ६ मे रोजीं क्यूबाच्या हवाना शहरांत हजारों श्रोत्यांसमोर त्यांनीं विनामूल्य कार्यक्रम केला तेव्हां तिन्ही घरांचीं गाणीं एका व्यासपीठावर झालीं. नवें घर उभें राहिल्यावर माहेरचीं भांडीं फडताळांत शोभून दिसतात. त्याआधीं आणलीं तर घरच माहेरचें होऊन बसतें. तिसऱ्या तबकडीनंतर, २००७ च्या फेब्रुवारींत, कॉर्नेल बाहेर पडला आणि मेळ संपला. त्याच वर्षीं 'रेज' पुन्हां एकत्र आले, २०१० सालीं 'साऊंडगार्डन'ही. म्हणजे चहात्यांस हवें होतें तें सर्व परत मिळालें.

आणि तेव्हां कोठें त्या मधल्या सहा वर्षांचें मोल हळूहळू कळूं लागलें. १७ मे २०१७ च्या रात्रीं डेट्रॉइट येथें 'साऊंडगार्डन'चा कार्यक्रम झाला, आणि त्यानंतर कांहीं तासांतच कॉर्नेलनें वयाच्या ५२ व्या वर्षीं स्वतःच्या हातानें जगाचा निरोप घेतला. त्या दिवसापासून 'लाइक अ स्टोन' निराळेंच ऐकूं येऊं लागलें. एकट्या घरांत बसून मरणाची आणि पलीकडील भेटीची वाट पाहणाऱ्या माणसाचें तें गाणें आहे. २००२ सालीं ज्यांस त्यांत राजकारण आढळलें नाहीं आणि सात मात्रा आढळल्या नाहींत, त्यांस आतां त्यांत एक माणूस आढळला. १६ जानेवारी २०१९ रोजीं लॉस एंजेलिसनजीक त्याच्या स्मरणार्थ मोठा समारंभ झाला. त्यास 'आय ॲम द हायवे' हें नांव दिलें होतें. तें गाणें 'साऊंडगार्डन'चें नव्हे. याच पहिल्या तबकडीवरील आहे.

हा न्याय मिळाला, पण तो ज्यास हवा होता त्याच्या पश्चात् मिळाला. आमच्या घरांतूनही असे पुष्कळ नवे आरंभ होत असतात. नोकरी सोडून धंद्यास लागलेला मुलगा, चाळिशींत पुन्हां शिकूं लागलेली सून, पत्नीच्या निधनानंतर दुसरा संसार मांडणारा भाऊ, हे सर्व आपली पहिली तबकडी घेऊन आपल्यापुढें उभे असतात. त्यांस 'पूर्वीं तूं असा नव्हतास' हें सांगणारे पुष्कळ भेटतील. आपण तेवढें तरी न म्हणतां, जें समोर आहे तें एकदां शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. आवडलें नाहीं तर तसें खुशाल सांगावें. पण तें ऐकल्यावर.