मला ओळखलंत का?

ती चित्रांची रांग तुमच्याही मोबाईलवर कधीतरी आली असेल. एकाच पुरुषाचे पाच-सहा चेहरे. पहिला नीटस, दुसरा बावरलेला, मग डोळे जागचे सरकलेले, नाक विरघळलेलं, आणि शेवटी पेन्सिलीच्या नुसत्या रेघांचं एक डोकं. खाली वर्षं लिहिलेली, वर एक ओळ : बघा, माणूस कसा पुसला जातो. त्याखाली आपल्या बायकांची रडकी तोंडं, जोडलेले हात, आणि ‘बघवत नाही गं!’ माझं भांडण आहे ते या ‘बघवत नाही’शी.

चित्रकाराचं नाव विल्यम उटरमोलेन. जन्म 1933, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. संसार आणि काम लंडनला. बायको पॅट्रिशिया कलेच्या इतिहासाची अभ्यासक. 1995 साली त्याला अल्झायमर झाल्याचं निदान झालं, आणि तो स्वतःचाच चेहरा रंगवत बसला. पुढची पाच वर्षं, हात चालत होता तोवर. गेला 2007 मध्ये. त्याच्या देखभालीला येणाऱ्या नर्सनं त्याला ‘काढत राहा’ म्हणून धीर दिला होता. 2001 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या चित्रांवर लेख आला. डॉक्टरांना त्यातून शिकायला मिळालं असेल, माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून लोक ही चित्रं तापाच्या तक्त्यासारखी वाचतात. आज इतकं गेलं, उद्या तितकं गेलं.

मी म्हणते, जे आहे ते बघा ना! निदानाच्या वर्षीच्या एका चित्रात तो टेबल घट्ट धरून बसला आहे आणि डोक्यावर छताच्या खिडकीतलं निळं आभाळ. भीती कशी असते हे इतकं नेमकं सांगणारा माणूस हरवलेला म्हणायचा? 1997 च्या एका चित्रात चेहऱ्याच्या बाजूला करवत आहे. या आजाराची पक्की खात्री तेव्हा मरणानंतर मेंदू उघडूनच होत असे, हे त्याच्या मनात होतं म्हणे. स्वतःच्या मरणाचं हत्यार स्वतःच्या चेहऱ्याशेजारी रंगवायला धैर्य लागतं. आणि ते शेवटचं डोकं? तेही कुणीतरी बसून काढलंच आहे. कागद पुढं ओढून, आपला चेहरा शोधत. तुमची-माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, तरी आपण आरशात इतका वेळ बघत नाही. फोटो काढला की आधी सुरकुत्या पुसतो.

आपल्या घरातल्या तसबिरी आठवा. आजी गेली की कुठला फोटो मोठा करून आणतो आपण? वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला. फोटोवाला केस काळे करून देतो, मागं आभाळ लावतो. चंदनाचा हार पडतो, पेपरात ‘पुण्यस्मरण’ येतं. शेवटच्या सहा-सात वर्षांतला एकही फोटो घरात नसतो, कारण त्या वर्षांत तिला कुणी चौकटीत घेतलंच नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोच्या वेळी ‘तिला आत बसवा, गोंधळ करेल’. पन्नास वर्षं रात्री न जेवण्याचा नेम पाळलेली बाई दिवेलागणीनंतर ‘मला कुणी वाढलंच नाही’ म्हणू लागली, की लोक काय म्हणतील म्हणून बस्तीत दर्शनाला न्यायचंही बंद. अहो, पन्नास वर्षांचा तिचा नेम तिच्या नावावर जमा आहे. लाज कसली वाटते तुम्हाला?

आणि आले-गेले काय करतात? पहिला प्रश्न, ‘मला ओळखलंत का?’ ही परीक्षा घेतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. ती बिचारी हसते, चाचपडते, कुणाचं तरी नाव घेते. चुकलं की आपण एकमेकींकडं बघून मान हलवतो, तिच्या समोर! तिला तुमचं नाव आठवत नसेल. तुमच्या चेहऱ्यावरची ती नाराजी मात्र तिला दिसते.

एक वाक्य आपण लिहिणाऱ्या बायका फार खपवतो, की फोडणीच्या वासानं हरवलेल्या आठवणी परत येतात. वाचायला गोड आहे. पण या आजारात वास ओळखण्याची शक्ती बहुधा लवकरच मंदावते. तेव्हा खमंग वासाला ती वळून बघत नाही म्हणून ‘सगळं संपलं’ असं ठरवू नका. गाणं आणि हाताला जडलेली सवय बरेचदा उशिरापर्यंत टिकतात. नात्यातल्या एक काकू लेकीचं नाव विसरल्या. पिठाचा गोळा हाती दिला की भाकरी अजून गोल थापतात. आमच्या सीमेवरच्या घरांत आणखी एक होतं. माहेरी कन्नड बोलणारी, चाळीस वर्षं सासरी मराठीत नांदलेली सासू एक दिवस पुन्हा कन्नडच बोलू लागते. घरचे म्हणतात, ‘काहीतरी बरळते.’ बरळत नाही हो! ती तिच्या पहिल्या भाषेत बोलते आहे. ज्या सुनेला कन्नड येतं तिला जवळ बसवा.

कुणी म्हणेल, उटरमोलेननं स्वतःच्या मर्जीनं स्वतःला रंगवलं. आमच्या म्हातारीला तर हो-नाहीही सांगता येत नाही, तिचं असं रूप टिपणं म्हणजे तिची विटंबनाच. हा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच तिचा व्हिडिओ काढून हसत स्टेटसवर टाकणाऱ्या नातवंडांचे फोन काढून घ्यावेत असं माझं मत आहे. पण चव्हाट्यावर मांडणं वेगळं आणि घरात जपणं वेगळं. विटंबनेच्या भीतीनं तिची सहा वर्षं घराच्या इतिहासातून खोडून टाकायची, हा कुठला मान?

तेव्हा या दिवाळीला तिला मधल्या खुर्चीवर बसवा. समोर गेलात की स्वतःचं नाव आधी स्वतः सांगा, ‘अक्का, मी तुमची धाकटी सून.’ नात चित्रं काढत असेल तर तिला पुढ्यात बसवून आजीचा चेहरा काढू दे, आज आहे तसा. फोटो काढा, कागदावर छापून घ्या, कपाटातल्या अल्बममध्ये लावा. मागच्या बाजूला तारीख लिहा, तिच्या लुगड्याचा रंग लिहा, आणि त्या दिवशी ती काय बोलली, कुठल्या भाषेत बोलली, तेही.