कांगारूचा पंजा आणि आपली कर्दळ

मुलांनो, कांगारूच्या पोटाला पिशवी असते हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण कांगारूचा पंजा झाडाला लागतो, असं सांगितलं तर? हसू नका, खरंच सांगते! ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ‘कांगारू पॉ’ नावाचं झाड उगवतं. त्याच्या उंच दांड्यावर मखमली लव असलेली फुलं येतात. फुलाचं टोक फाटून बोटांसारखं पसरतं, म्हणून त्याला पंजा म्हणायचं. लाल-हिरव्या रंगाचा पंजा हे तर १९६० पासून पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचं मानचिन्ह आहे. गंमत म्हणजे फुलाचा रंग हा बराचसा त्या लवेचा रंग असतो.

चित्र पाहिलं की वाटतं, आपल्या गॅलरीतही हे झाड हवंच. पण खाऊचे पैसे खर्च करण्याआधी एक हिशेब करू या.

या झाडाच्या मुलखातलं मोठं शहर म्हणजे पर्थ. तिथे वर्षभरात साधारण साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक थंडीत. उन्हाळा कोरडा आणि जमीन रेताड. आता आपल्याकडे बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे पर्थच्या वर्षाच्या पावसापेक्षा जास्त पाऊस आपल्याकडे एका दिवसात! तो दिवस वेगळा होता हे खरं. पण अंधेरी काय, मुलुंड काय, जुलै महिना ओलाचिंबच असतो. अशा हवेत कांगारू पॉच्या पानांवर काळे डाग पडतात आणि कंद कुजतो. ते लावायचंच असेल, तर कुंडीत निम्मी जाडसर वाळू घाला, ऊन भरपूर द्या आणि पावसाळाभर कुंडी छपराखाली ठेवा. तरीही ते जगेल याची खात्री नाही.

मग काय करायचं? कर्दळ लावायची! तीच ती, सोसायटीच्या फाटकाशी आणि रस्त्याच्या दुभाजकावर दिसणारी. “शी, कर्दळ तर सगळीकडेच असते,” असं म्हणू नका. कर्दळही मूळची परदेशीच, अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. पण तिला पाऊस आवडतो. पाणी साचलं तरी ती तग धरते, म्हणून ती इथे रमली. आणि गंमत तिच्यातही आहे बरं का! ज्यांना आपण तिच्या पाकळ्या म्हणतो ते असतात रूप बदललेले पुंकेसर. खऱ्या पाकळ्या लहानशा असतात आणि मागे लपलेल्या. कांगारू पॉच्या फुलातला मध प्यायला तिकडचे मधखाऊ पक्षी येतात, आणि आपल्या कर्दळीवर येतो शिंजीर!

लावायची कशी? मे महिन्याच्या शेवटी कुणाकडून तरी कंदाचा तुकडा मागून आणा. त्याला निदान दोन डोळे हवेत. बारा इंची कुंडी घ्या, तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. दोन वाट्या माती असेल तर एक वाटी शेणखत, या मापाने कुंडी भरा आणि कंद चार बोटं खोल पुरा. पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. फुलं संपली की तो दांडा बुडाशी कापा. शेजारून नवा कोंब येईल. पानाची सुरळी आपोआप उलगडली नाही, तर आत बहुधा अळी असेल. पान उघडून बघा.

आता दोन गोष्टी अगदी लक्षात ठेवा. कुंडी कठड्यावर ठेवू नका. खालून माणसं जात-येत असतात. दुसरी गोष्ट कुंडीखालच्या थाळीची. तिच्यातल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. ती अंडी थाळीच्या कडेला चिकटतात आणि पाणी सुकलं तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. दर रविवारी थाळी काथ्याने घासून कोरडी करायची. अंड्यापासून डास व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी आपण हजर!

वर्षा-दोन वर्षांत कुंडी कंदांनी गच्च भरेल. तेव्हा कंद सोडवा, अर्धे ठेवा आणि अर्धे शेजारच्या काकूंना किंवा वर्गातल्या मैत्रिणीला द्या.

आणि हो, या आठवड्याचा अभ्यास! जवळपासची एखादी कर्दळ शोधा. तिच्या पानाची नवी सुरळी पूर्ण उलगडायला किती दिवस लागतात ते रोज बघून वहीत लिहा. सगळ्यांचे आकडे सारखे येतील का? बघा बरं!