आधी लग्न, मग पोरं, मग बघू!

पोस्ट जरा मोठी आहे. विषय आपल्याकडे चारचौघांत काढत नाहीत असा आहे. म्हणूनच लिहितेय.

मागच्या महिन्यात ओळखीतली एक मुलगी घरी आली. वय 25, पतसंस्थेत नोकरी. नाव-गाव लिहिणार नाही. वयात आल्यापासून तिची छाती खूप भारी आहे. लोकांना यात चेष्टेचा विषय दिसतो, तिला काय सोसावं लागतं ते ऐका. मान आणि पाठ कायम धरलेली. ब्राचे पट्टे रुतून दोन्ही खांद्यांवर खाचा पडल्यात. उन्हाळ्यात घामाने स्तनांखालची कातडी सोलवटते, चिघळते. स्टँडवरून चालत जाताना कानावर येतं ते वेगळंच.

तिला स्तनांचा आकार कमी करायचं ऑपरेशन करून घ्यायचंय. घरच्यांचं उत्तर तयार आहे. "आधी लग्न होऊ दे. मग पोरं होऊ देत. उद्या अंगावर पाजता आलं नाही तर सासरच्यांना काय सांगणार?"

हे ऐकताना मला दुसरी एक ताई आठवल्या. वय 41, दोन मुलं. त्रास तोच, वीस वर्षं सोसलेला. त्यांनी विषय काढला तर घरचे म्हणाले, "आता या वयात कशाला ही थेरं?"

म्हणजे पंचविशीत लवकर आणि चाळिशीत उशीर. मग वेळ नेमकी कधी येते?

आता घरच्यांची शंका अगदीच खोटी आहे असं नाही. ती समजून घेऊ.

डॉक्टरही अनेकदा थांबायला सांगतात आणि त्याला कारण असतं. गरोदरपणात स्तन वाढतात, दूध सुटल्यावर उतरतात, ओघळतात. त्यामुळे आधी ऑपरेशन केलं तर बाळंतपणानंतर आकार पुन्हा बदलू शकतो, क्वचित परत ऑपरेशन लागतं. म्हणून एक-दोन वर्षांत मूल हवं असेल तर थांबणं शहाणपणाचं. बाळ अंगावर पीत असेल तर दूध सुटून काही महिने जाऊ द्यावेत, आकार स्थिर व्हावा. अगदी कोवळ्या वयात वाढ चालू असते, तेव्हाही सहसा थांबतात.

पण जिचं लग्नच ठरलेलं नाही, मूल कधी होईल हे माहीत नाही, तिने आठ-दहा वर्षं पाठ धरून बसायचं का?

आणि दुधाचं म्हणाल, तर "ऑपरेशन केलं की दूध गेलं" हे सरसकट खरं नाही. ऑपरेशन कसं केलं यावर ते बरंच ठरतं. स्तनाग्र आतल्या दूधग्रंथींना, नळ्यांना आणि नसांना जोडलेलं ठेवून बाजूचा भाग काढला तर पुढे पाजता येण्याची शक्यता चांगली राहते. काही वेळा स्तन इतके मोठे असतात की स्तनाग्र पूर्ण सुटं करून परत बसवावं लागतं. तिथे दुधाची आशा फार थोडी.

2017 साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात आधीच्या अनेक अभ्यासांचा आढावा आला होता. स्तनाग्रामागची ग्रंथींची जोडणी पूर्ण राखलेल्या पद्धतींत पाजू शकणाऱ्या बायकांचं मध्यक प्रमाण 100 टक्के, अर्धवट राखलेल्यांत 75 टक्के आणि अजिबात न राखलेल्यांत 4 टक्के. यातल्या सगळ्यांनाच पूर्ण दूध आलं असं मात्र समजू नका, काहींना सोबत वरचं द्यावं लागतं. खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण 100 आणि 4 यांतला फरक बाईला टेबलावर घेण्याआधी सांगायला हवा की नको?

आणखी एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात सहा महिन्यांच्या आतल्या फक्त 63.7 टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळत होतं. जन्मानंतर पहिल्या तासात पाजलेली मुलं 41.8 टक्के. उरलेल्या आयांनी काही ऑपरेशन केलेलं नव्हतं. त्यांना पुरेशी विश्रांती, शिकवणारं माणूस, कामावर रजा मिळते का, हे विचारायला कुणी येत नाही. दुधाची काळजी नेमकी बाईने स्वतःसाठी काही मागितलं की आठवते.

आता पैशाचं. खासगीत हा खर्च आपल्या भागातल्या पगारदारालाही जड जातो. विमा कंपन्यांसाठी आयआरडीएआयने ठरवलेल्या अटींत कॉस्मेटिक, प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. अपवाद अपघात, भाजणं, कॅन्सर यांचा, किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असल्याचं डॉक्टरने प्रमाणित केलं तर. वीस वर्षांची पाठदुखी 'तातडीची' कशी ठरणार? ती रोजचीच असते ना!

तमिळनाडू सरकारने 2018 मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ली या सरकारी रुग्णालयात स्तनांच्या शस्त्रक्रिया मोफत सुरू केल्या, तेव्हा टीका झाली. गरिबाला सौंदर्य कशाला, असा सूर. पण पाठदुखी काय फक्त श्रीमंतांना होते? आपल्याकडेही मुंबईत केईएम, सायन, पुण्यात ससून इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तालुक्याच्या बाईला तिथे जायचं कसं, चिठ्ठी कोण देणार, हे सांगणारं मात्र कुणी नाही.

माझं मागणं मोठं नाही. ग्रामीण रुग्णालयात मान-पाठ घेऊन येणाऱ्या बाईला फक्त गोळ्या आणि मलम देऊन परत पाठवू नका. त्रास कागदावर नीट नोंदवा, पुढे पाठवा. सर्जनने पद्धत आणि दुधावर होणारा परिणाम मराठीत समजावून सांगावा. तंबाखू, मशेरी असेल तर आधी बंद करायला सांगावं, त्याने जखम भरत नाही. आणि असं ऑपरेशन झालेली बाई बाळंत झाली तर तिने ते डॉक्टरला आणि आशाताईंना सांगावं. आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतातच. वजन वाढत नसेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं, आणि त्यावरून तिला कुणी बोल लावू नये.

त्या मुलीला मी "कर" म्हणाले नाही आणि "थांब" पण नाही. सर्जनला विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून दिले. स्तनाग्र जोडलेलं राहील का? पाजता येण्याची शक्यता किती? गरोदर राहिले तर काय बदलेल? थांबले तर काय फायदा?

उत्तरं ऐकून ती थांबली तरी ठीक, नाही थांबली तरी ठीक. फक्त तो निर्णय तिचा असावा. जो नवरा अजून ठरलेला नाही आणि जे मूल अजून जन्माला आलेलं नाही, त्यांची परवानगी आणायला तिला पाठवू नका.

घरात कुणी असा त्रास सोसत असेल तर आज एकदा विचारा. पटलं तर पुढे पाठवा.