चित्र काढणाऱ्या मुलीने शिकावे कुठे?



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांतून तीच ती चर्चा सुरू होते. सायन्स की कॉमर्स? रत्नागिरीतच ठेवायचे की मुंबई-पुण्याला पाठवायचे? अशा वेळी एखादी मुलगी हळूच म्हणते, "मला चित्रकला शिकायचीय." त्यावर घरातून दोन उत्तरे ठरलेली. एक रोखठोक, "त्यात पोट कसं भरणार?" दुसरे जरा गोड आवाजातले, "अगं, कला काय, घरी बसूनही जोपासता येते. बी.ए. कर, सोबत चित्रं काढ." पहिल्या उत्तराशी मुलगी निदान भांडू तरी शकते. दुसरे उत्तर प्रेमाने दिलेले असते, म्हणून त्याचा विचार अधिक करायला हवा.

कलामहाविद्यालयात जावे की आपले आपण शिकावे, हा प्रश्न तसा मुलगा-मुलगी सर्वांनाच पडतो. पदवीने कोणी चित्रकार होत नाही, वर्गात हात साच्यात अडकतो, चार-पाच वर्षे आणि पैसा जातो, हे आक्षेप खोटे नाहीत. दाखला म्हणून हुसेनांचे नाव हमखास घेतले जाते. १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून त्यांनी हात तयार केला. पण त्याच काळात एखादी तरुण मुलगी एकटी त्या शहरात येऊन, परातीवर चढून, रस्त्यावर पोस्टरे रंगवू शकली असती का? स्वयंशिक्षणाची वाट म्हणतात ती बहुतेक वेळा रस्त्यावरून, रात्रीबेरात्रीच्या अड्ड्यांवरून आणि परक्या शहरातून जाते. मुलाला ती 'धडपड' म्हणून शोभते. मुलीला तिथे पाऊलही टाकू दिले जात नाही, आणि मग तिच्यापुरता स्वयंशिक्षणाचा अर्थ उरतो तो घरी राहण्याचा.

इतिहासही हेच सांगतो. लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये निघाली. तिच्या संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, तरी विद्यार्थिनी म्हणून पहिली मुलगी आत गेली ती १८६० मध्ये. लॉरा हरफर्ड हिने चित्रांवर नावाचे फक्त आद्याक्षर घातले होते, म्हणून परीक्षकांनी तिला पुरुष समजून निवडले! पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने १८९७ पर्यंत मुलींना दार उघडले नाही. तोवर ज्यांना परवडे त्या खासगी स्टुडिओत पैसे मोजून शिकत. त्यांची 'वेगळी वाट' ही निवड नव्हती, नाइलाज होता.

आपल्याकडे मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. अंबिका धुरंधर यांनी तिथली पदविका मिळवली १९३१ मध्ये. वडील, चित्रकार म. वि. धुरंधर, त्याच संस्थेत अध्यापक होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पुढे नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा आधी नागपुरात आणि मग जे. जे. मध्ये शिकल्या, आणि कोळणींच्या चित्रांनी नावारूपाला आल्या. मधल्या काळात दार थोडे अधिक उघडले होते, ते अशा मुलींनी ढकलले म्हणून.

मग संस्थेबाहेर कला नाहीच का? आहे, आणि ती बायकांनीच जपली आहे. वारल्यांच्या लग्नातला चौक सवाशिणी लिहीत, धवलेरी गात. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली, आणि जगभर नाव झाले ते जिव्या सोमा मशे यांचे. त्यांची थोरवी कमी करण्याचा हेतू नाही. पण चौक लिहिणाऱ्या किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? उलट मिथिलेत, १९६६ च्या दुष्काळात, कागद बायकांच्या हाती दिला गेला. तिथल्या जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे कला घरातली, शिकवणी आजी-आईची. फरक एवढाच, की कागद कोणाच्या हाती पडला आणि सही कोणी केली.

आपल्या कोकणात गणपतीच्या शाळा पाहा. रंगकामाला घरच्या बायका-मुली रात्र रात्र बसतात. पण डोळ्यांची आखणी कोण करतो आणि बाहेरच्या पाटीवर नाव कोणाचे असते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. मुलीला संस्थेत जाणे शक्य असेल तर तिने आधी संस्थेत जावे. गुरुजी सर्व काही शिकवतील म्हणून नव्हे. संस्था तिला दिवसाचे काही तास देते, त्या वेळात कोणी "जरा गॅस बंद कर" म्हणत नाही. समोर मॉडेल बसवून अभ्यास करायला मिळतो. बरोबरीची माणसे भेटतात, चित्रावर भांडतात. आणि दूरही जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात सावर्ड्याला सह्याद्री शिक्षण संस्थेचे कला महाविद्यालय आहे, देवरुखलाही कलामहाविद्यालय आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा तर शाळेतूनच देता येतात आणि त्यांचे दहावीला वाढीव गुणही मिळतात.

मात्र भाबडेपणा नको. "ए.टी.डी. केलं की शाळेत नोकरी" हा जुना हिशेब आता तसा राहिलेला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरावर मुले असलेल्या शाळेत, कलेला अंशकालीन निदेशक धरला आहे. तेव्हा प्रवेश घेतानाच विचारावे : वसतिगृह आहे का, रंग-कागदाचा खर्च किती, शिकून गेलेल्या मुली आज काय करतात? आणि अंतर्गत तक्रार समिती आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नये. एखाद्या कलावंताच्या घरी एकटीने शिकायला जाताना हा प्रश्न विचारण्याची सोयच नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

ज्यांना संस्था शक्य नाही, लग्न झाले आहे, पैसा नाही, म्हातारी माणसे आहेत, त्यांनी चित्र सोडावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण घरी शिकायचे तर घरानेही काही द्यायला हवे. दिवसातले ठरलेले दोन तास, रंग वाळेपर्यंत कोणी उचलणार नाही अशी एक जागा, रंगांसाठी तिच्या हातात तिचे पैसे, आणि वर्षातून निदान एकदा प्रदर्शन पाहायला जाण्याची मोकळीक. गणपतीच्या शाळेत काम केले तर मजुरी तिच्या हातात आणि आखणीही तिच्याकडे. चित्र विकले, भेट दिले, अंकात छापले, तरी खाली सही तिची. एवढे देणार नसू, तर "घरी बसूनही कला जोपासता येते" हे वाक्य आपण मागे घ्यावे.

मुलीच्या शिक्षणाचा खर्च आणि तिच्या लग्नाचा खर्च यांची बेरीज घराघरांतून अजूनही एकाच वहीत होते. ती वही एकदा उघडून बघू या. आणि तुमच्यापैकी ज्या चित्र काढत आल्या, शिकून किंवा न शिकता, त्यांनी आम्हाला जरूर लिहावे. काय मिळाले आणि काय सोडावे लागले, दोन्ही लिहावे. चित्रही पाठवावे. सही करायला विसरू नका.

— संपादक मंडळ