गृहव्यवस्था : वाळवी कीं घुणा?

जळगांव-धुळ्याकडील जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा सारा भार लांकडी तुळयांवर असतो. म्हणून कीड वेळींच ओळखावी. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिला जमीन व ओल लागते. नुसत्या नळ्या न मोडतां गळती बंद करावी, पेट्या भिंतीपासून दूर ठेवाव्या. बारीक भोकांखालीं पिठासारखा भुसा पडल्यास तो घुणा. कोऱ्या लांकडास टांकणखाराचें पाणी द्यावें. तुळई पोकळ वाजल्यास सुतारास तात्काळ दाखवावी. वाळवी पेटीबरोबर आंतील कागदहि खाते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें जुने कागद जपतें. आपल्या घरच्या दफ्तराचे राखणदार मात्र आपणच!